अधिक संशोधनाची गरज

पांढरा कोट घालायला घसाबाईने साफ नकार दिला आणि चित्रीकरण तिथेच अडलं. तिचं म्हणणं सरळ होतं. उभ्या आयुष्यात तिने असला कोट घातलेला नव्हता. तिच्या खोलीत सूक्ष्मदर्शक नव्हता, परीक्षानळी नव्हती. जिन्याखालच्या त्या खोलीत एक टेबल, दोन संगणक आणि खुंट्यांवर लटकणारे गळपट्टे, एवढाच संसार होता. विद्यापीठाच्या जनसंपर्कवालीला ते पटलं, पण विभागप्रमुखांना पटलं नाही. बघणाऱ्याला कळायला नको का ही बाई शास्त्रज्ञ आहे म्हणून, असं ते म्हणाले. शेजारच्या विभागातून कोट उसना आला, पाठोपाठ सूक्ष्मदर्शकही आला. घसाबाईने भिंगाला डोळा लावला तर खालच्या काचेवर काहीच नव्हतं. ते काहीच नसलेलं तिने गंभीर चेहऱ्याने बघत राहावं, अशी सूचना झाली.

शेवटी कोट तिने घातला. बटणं मात्र लावली नाहीत. सरकारी पगारावर जगणाऱ्या माणसाला निषेध करता येतो तो एवढाच.

घसाबाई हे नाव तिला विद्यापीठातल्याच कुणा टवाळाने ठेवलं होतं आणि ते इतकं चिकटलं की शिपाईसुद्धा टपाल आणताना तेच म्हणायचा. तिचा अभ्यासाचा विषय शिक्षकांचा घसा. गळपट्टा म्हणजे गळ्याभोवती बांधायचा मऊ पट्टा. त्यावर बटणाएवढं एक यंत्र. माणूस दिवसभरात किती बोलला आणि किती जोर लावून बोलला, याची ते नोंद ठेवतं. काय बोलला याची नाही. हे तिला प्रत्येक शाळेत शपथेवर सांगावं लागे, कारण शिक्षकखोलीत मुख्याध्यापकांविषयी जे बोललं जातं, ते कुठल्याही यंत्रात साठवण्यासारखं नसतं.

वर्षानुवर्षं ती हे पट्टे पिशवीत घालून शाळाशाळांतून हिंडली. उघड्या भिंतींच्या, पत्र्याच्या छपराच्या वर्गांत आवाज कसा घुमतो आणि त्या घुमण्यावर मात करायला बाया कशा ओरडतात, ते तिने मोजलं. सुटीत त्यांचा आवाज सुधारतो आणि शाळा उघडली की परत बिघडतो, हेही मोजलं. काही शाळांनी मागच्या भिंतीला जाड कापडाचे पडदे लावले आणि बाकांच्या पायांना रबर बसवलं. तिथल्या शिक्षिकांचे घसे हळूहळू निवळले, तेही तिने मोजलं. काम चोख होतं. त्यात खोट काढायला कुणाची छाती झाली नसती.

आता विद्यापीठाची तपासणी येऊ घातली होती. पूर्वीच्या तपासण्यांत किती निबंध छापले ते विचारत. यंदा नवीन टूम निघाली होती: तुमच्या संशोधनाचा समाजाला काय उपयोग झाला ते दाखवा. विभागप्रमुखांनी सगळ्या विभागावर नजर फिरवली. एकजण नसलेल्या भाषेचं व्याकरण करत होता, दुसरा मेलेल्या माशांच्या कानातल्या हाडांवर होता. समाजाला दाखवण्याजोगी एकटी घसाबाईच. म्हणून हा चित्रपट, म्हणून तो कोट.

जनसंपर्कवालीने वहीवर पेन टेकवून विचारलं होतं की किती शिक्षकांना फायदा झाला. घसाबाई म्हणाली, माहीत नाही. अंदाजे सांगा. अंदाजे तरी कसं सांगू, मी मोजलंच नाही. विभागप्रमुख मधे पडले आणि म्हणाले, हजारो लिहा. घसाबाईने त्यांच्याकडे पाहिलं. याच माणसाने तिच्या निबंधातला ‘हमखास’ हा एक शब्द खोडायला लावला होता आणि त्यासाठी तासभर व्याख्यान दिलं होतं.

त्या निबंधाची गोष्ट सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं रामायण त्यातून झालं.

पहिल्या मसुद्यात तिने स्वच्छ लिहिलं होतं की सतत ओरडून शिकवावं लागल्याने शिक्षकांच्या स्वरयंत्रावर गाठी येतात आणि आवाज बसलेला असताना शिकवत राहिलं तर त्या हमखास वाढतात. ‘हमखास’ विभागप्रमुखांनी खाल्ला. कारण सांगणारा ‘ने’ छापण्याआधी तपासणाऱ्या परीक्षकांनी खाल्ला. घासूनपुसून, तासून, सगळे कोपरे गोल करून जे छापलं गेलं ते असं होतं: वर्गातील ध्वनी आणि स्वरविकार यांच्यात संबंध असण्याची शक्यता नाकारता येत नाही, तथापि कार्यकारणभाव निश्चित करण्यासाठी अधिक संशोधनाची गरज आहे.

हे शेवटचं वाक्य त्या धंद्यात सगळेच लिहितात. पत्राखाली ‘आपला विश्वासू’ लिहितात ना, तसं. लिहिणारा विश्वासू असतो असं कुणी मानत नाही, पण लिहिलं नाही तर पत्र उद्धट दिसतं. घसाबाईनेही लिहून टाकलं. निबंध अशा नियतकालिकात आला की जे पैसे भरल्याशिवाय उघडत नाही आणि उघडलं तरी शिक्षकाला कळत नाही. तिची बढती झाली. विभागात चहा झाला. पट्टे परत खुंटीला लागले.

चित्रीकरण झालं त्याच संध्याकाळी तिचा दादा घरी आला. बरोबर वहिनी होती.

वहिनी प्राथमिक शाळेत शिकवायची. तिची शाळा म्हणजे पत्र्याची लांबलचक दालनं. मधे लाकडी आडोसे घालून एकेकाचे तीन वर्ग केलेले, आणि आडोसे छपरापर्यंत पोचलेले नाहीत. इकडच्या वर्गात बाईंनी ‘सात साते’ म्हटलं की पलीकडच्या वर्गातून उत्तर यायचं. त्या गोंगाटात वहिनीने उमेदीची सगळी वर्षं काढली. तिचा आवाज म्हणजे घरातली दंतकथा होती. ती खिडकीत उभी राहून हाक मारायची आणि रस्त्याच्या टोकाला खेळणारी पोरं, आपली आणि परकी, मुकाट घराकडे वळायची. दादा म्हणायचा, लग्नात मला मुलगी दाखवली नाही, ऐकवली.

तो आवाज गेलं वर्षभर फाटत चालला होता. आणि इथे घसाबाईने जे केलं, ते तिच्या धंद्यातल्या माणसालाच जमावं.

पहिल्यांदा पट्टे आले तेव्हाच वहिनी म्हणाली होती की माझ्याही गळ्यात बांध एखादा, बघू तुझं यंत्र टिकतं का. घसाबाईने तिला नियम समजावून सांगितला: नात्यातली माणसं अभ्यासात घ्यायची नसतात, निष्कर्षाला नात्याचा वास लागतो. नियम बरोबरच आहे. पण अभ्यासात घ्यायचं नाही म्हणजे शहाणपणाचे चार शब्दही सांगायचे नाहीत, असं कुठल्या नियमात लिहिलंय? तिने वहिनीला जे एकदा बाहेर ठेवलं, ते ठेवलंच. घरी सगळे जेवायला जमले असताना वहिनीचा आवाज वाक्याच्या शेवटी मोडतोय, हे तिच्या तयार कानाने एका क्षणात टिपलं होतं. अनोळखी शाळेतली बाई असती तर तिने नोंद केली असती. वहिनीला ती म्हणाली, “घसा जरा जपा हं,” आणि सूप वाढून घेतलं. घसा जरा जपा. हे कुणीही कुणालाही म्हणतं, टॅक्सीवालासुद्धा म्हणतो.

दादाने बसायच्या आधी एक कागद टेबलावर ठेवला आणि मोठ्याने वाच म्हणाला. शिक्षण कार्यालयाचं पत्र होतं. वहिनीच्या स्वरयंत्रावर गाठी निघाल्या होत्या, शस्त्रक्रिया ठरली होती, त्यानंतर कित्येक महिने बोलणं बंद आणि पुढे ओरडणं तर जन्माचं बंद. हा आजार कामामुळे झाला असं धरून भरपगारी रजा आणि नंतर ग्रंथालयातलं काम मिळावं, असा अर्ज तिने केला होता. तो नामंजूर झाला होता. कारणही दिलं होतं: या विषयातील अधिकृत अभ्यासानुसार आजाराचा कामाशी कार्यकारणभाव निश्चित झालेला नसून अधिक संशोधनाची गरज आहे.

घसाबाई वाचता वाचता थांबली.

“हे कुणी लिहिलंय?” दादाने विचारलं.

“दादा, ते वाक्य त्या अर्थाने...”

“अर्थ नंतर. कुणी लिहिलंय?”

“मी.”

दादा उठून खिडकीशी गेला. तो आडदांड माणूस; रागावला की सामान इकडचं तिकडे करतो. त्याने खिडकीतली झाडाची कुंडी उचलली आणि दुसऱ्या खिडकीत ठेवली. मग म्हणाला की डॉक्टरांनी हिला बोलायचं नाही म्हणून बजावलंय, नाहीतर आज तुझी धडगत नव्हती.

पण वहिनी बोललीच. एरवी नणंदेशी तिचं अरेतुरेचं. रागावली की ती ‘तुम्ही’वर जायची आणि फारच पेटली तर ‘वन्सं’ काढायची. चिरलेल्या, वाऱ्यासारख्या आवाजात ती म्हणाली, “पट्टा बांधायला वेळ नव्हता तुम्हाला, वन्सं. गळा दाबायला बरा मिळाला.”

एवढ्याने तिला खोकला आला आणि दादाने तिला हाताने गप्प केलं.

घसाबाईला त्या रात्री, खरं सांगायचं तर, रडू आलं नाही. संताप आला. कार्यालयाचा आला, तो तर येणारच. परीक्षकांचा आला. विभागप्रमुखांचा आला. मग या सगळ्यांना पुरून उरला तो तिचा स्वतःचाच. आपलेच दात आणि आपलेच ओठ, असं म्हणून माणसं उसासा टाकतात. तिला उसासा टाकायचा नव्हता, कुणाला तरी चावायचं होतं. वहिनीच्या अपिलाची सुनावणी पुढच्या आठवड्यात होती. तिथेही नाही म्हटलं गेलं तर वहिनीपुढे दोन वाटा होत्या: तसाच घसा घेऊन त्या पत्र्याखाली परत उभं राहायचं, नाहीतर नोकरी सोडायची. पहिल्या वाटेने आवाज जाणार होता, दुसरीने घरातला अर्धा पगार.

दुसऱ्या दिवशी ती विभागप्रमुखांकडे गेली. सुनावणीत जाऊन जे आहे ते सांगणार आहे, असं तिने कळवलं. परवानगी मागितली नाही, पण त्यांना ती मागितल्यासारखी वाटली. त्यांनी चष्मा काढला. निबंधात जे छापलंय त्याच्यापलीकडे एक अक्षर बोलू नये, असं त्यांचं मत पडलं. संशोधकाने संयम ठेवावा. विद्यापीठाचं नाव आहे. शिवाय सख्ख्या भावजयीसाठी बोलणं म्हणजे लोक काय म्हणतील. घसाबाईने विचारलं की चित्रपटात ‘हजारो’ घातलेत, ते निबंधात कुठल्या पानावर आहे. विभागप्रमुख म्हणाले, “ती वेगळी गोष्ट. ते प्रसिद्धीसाठी आहे.”

म्हणजे खोटं मोठ्याने बोलायला संयम लागत नाही, खरं बोलायलाच लागतो.

ती हे मनात घोळवत जिना उतरते आहे, तोच जनसंपर्कवाली आनंदाने समोरून आली. तपासणीसाठी लागणारं प्रमाणपत्र मिळाल्यात जमा होतं. कोणत्या तरी बाहेरच्या संस्थेने लिहून द्यावं लागे की या संशोधनाचा आम्हाला उपयोग झाला. आणि चक्क शिक्षण कार्यालय द्यायला तयार झालं होतं. मसुदा आला होता, सही चित्रपट दाखवण्याच्या समारंभात होणार होती. मसुद्यात म्हटलं होतं की सदर संशोधनाचा कार्यालयाच्या निर्णयप्रक्रियेत नियमित वापर केला जातो.

“कोणत्या निर्णयांत?” घसाबाईने विचारलं.

जनसंपर्कवालीला ते माहीत नव्हतं. घसाबाईने तिला तिथल्या तिथे फोन लावायला सांगितलं. पलीकडच्या कारकुनाने अगदी मोकळेपणाने सांगितलं: शिक्षकांच्या घशाच्या तक्रारी येतात ना, रजेच्या, बदलीच्या, त्या निकाली काढायला बाईंचा निबंध फार सोयीचा पडतो. एक परिच्छेद तयारच ठेवलाय, प्रत्येक उत्तरात तोच जातो.

फोन बंद झाल्यावर दोघी जिन्यात उभ्या राहिल्या. झाला होता उपयोग. तपासणीवाल्यांना हवा होता तो उपयोग हाच. ज्या बायांचे घसे मोजून तिने निबंध लिहिला, त्यांनाच तो निबंध परत पाठवला जात होता, नकाराच्या खाली चिकटवून. दोन वर्षांपूर्वी पट्टा बांधून घेताना ‘यातून आमचं काही भलं होईल ना, बाई?’ असं विचारणारी एक संगीतशिक्षिका घसाबाईला आठवली. आपण तिला ‘नक्की’ म्हणालो होतो. तेव्हा ‘शक्यता नाकारता येत नाही’ म्हणायला काय झालं होतं आपल्याला?

जनसंपर्कवाली पूर्वी वर्तमानपत्रात बातमीदार होती. पोटासाठी इथे आली आणि कोट घातलेल्या माणसांची चित्रं काढत बसली. घसाबाई तिला आजवर चकचकीत कागदावरची बाई समजत आली होती. आता तिने वही मिटली आणि सुनावणीत बोलायला किती वेळ मिळेल ते विचारलं. फार तर दोन मिनिटं. मग पहिलं वाक्य काय असेल?

घसाबाई म्हणाली, “प्रस्तुत अभ्यासाच्या काही मर्यादा लक्षात घेता...”

“थांबा. दार उघडायच्या आधीच तुम्ही माफी मागताय. समोरचा खुर्चीतून उठणार आणि चहाला जाणार. हिला हा आजार कशाने झाला?”

“शक्यतो...”

“कशाने झाला?”

“ओरडून शिकवल्याने.”

“तुम्हाला खात्री आहे?”

हा प्रश्न इतक्या साध्या शब्दांत घसाबाईला कुणी कधी विचारलाच नव्हता. परीक्षकांनी विचारलं होतं की नमुना पुरेसा आहे का. विभागप्रमुखांनी विचारलं होतं की भाषा सौम्य करता येईल का. तिने मनातल्या मनात सगळे तक्ते एकदा चाळले, सुटीतले आकडे आणि शाळेतले आकडे, कापड लावलेल्या भिंती आणि न लावलेल्या. आहे म्हणाली. मग अधिक संशोधन कशाचं हवंय, असं बातमीदारणीने खोदून विचारलं, आणि उत्तर देता देता घसाबाईला आपलाच निबंध पहिल्यांदा कळला.

दोघींनी जिन्याच्या पायरीवर बसून ती दोन मिनिटं दहादा घासली. घसाबाई ‘तथापि’वर गेली की जनसंपर्कवाली तिच्या गुडघ्यावर पेन आपटायची.

सुनावणीची खोली म्हणजे एक लांब टेबल, एका बाजूला तीन खुर्च्या आणि दुसऱ्या बाजूला अर्जदारासाठी स्टूल. स्टुलावर वहिनी बसली. दादा आणि घसाबाई मागे उभे. मुख्य अधिकारी वयस्कर, थकलेला माणूस होता. दुष्ट वगैरे नव्हता. दुष्ट असता तर सोपं गेलं असतं. वहिनीला त्याने काही बोलायचंय का म्हणून विचारलं. वहिनीने मान हलवली आणि मागे बोट दाखवलं. घसाबाईने आपण कोण ते सांगितलं, अर्जदाराशी नातंही सांगितलं. ते लपवायचं नाही हे तिने पक्कं ठरवलं होतं. अधिकाऱ्याने समोरच्या कागदाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि चष्मा वर सरकवला.

“म्हणजे हे वाक्य तुमचं?”

“माझंच.”

“यात तर तुम्ही स्वतः म्हणता, कामामुळे होतो असं नक्की सांगता येत नाही.”

“या बाईंचा घसा ओरडून शिकवल्याने गेला,” घसाबाई म्हणाली. “मी इतकी वर्षं शिक्षकांचे घसे मोजते आहे. सुटीत सुधारतात, शाळा उघडली की बिघडतात. भिंतीला कापड लावलं की सुधारतात, नाही लावलं की बिघडतात. यांची शाळा पत्र्याची आहे आणि तीन वर्गांमधे धड भिंतही नाही. तिथे उभं राहून तुम्ही एक दिवस पाढे म्हणून दाखवा, साहेब, संध्याकाळी बायकोशी बोलता येणार नाही.”

टेबलापलीकडच्या दुसऱ्या दोघांपैकी एकजण हसला. अधिकारी हसला नाही.

“मग अधिक संशोधनाची गरज आहे, ते?”

“ते आहेच. कुणाला लवकर होतं, कुणाला उशिरा होतं, ते आम्हाला अजून माहीत नाही. होतं की नाही, ते माहीत आहे. तुम्ही त्या वाक्याचा अर्थ ‘थांबा’ असा लावला. तसा तो नाही.”

“बाई, मी काही घशाचा डॉक्टर नाही,” अधिकारी म्हणाला. आता त्याच्याही आवाजाला धार आली. “मला तुमचा निबंध एकाने आणून दिला, मी शेवटचं पान वाचलं. माझ्यासारखा माणूस शेवटचंच पान वाचतो. तुम्हाला ‘होतं’ म्हणायचं होतं तर ‘होतं’ म्हणायचं. आम्ही काय तुमच्या मनात शिरून बघणार?”

आमच्यात तसं लिहायची पद्धत आहे, हे घसाबाईच्या ओठांवर आलं होतं. पण स्टुलावर बसलेल्या वहिनीच्या पाठीकडे बघून ते बोलायची तिला लाज वाटली. ती एवढंच म्हणाली, “चूक झाली. आता म्हणते आहे. लिहून घ्या.”

अधिकाऱ्याने लिहून घ्यायला लावलं. तिने सांगितलेला शब्दन् शब्द, पाढ्यांचं सोडून.

विद्यापीठात बातमी तिच्या आधी पोचली. विभागप्रमुखांनी तिला बोलावून घेतलं आणि बराच वेळ ते संस्थेच्या हिताविषयी बोलले. कार्यालय दुखावलं होतं, प्रमाणपत्र गेलं होतं, चित्रपट आता दाखवायचा कसा. पुढच्या वर्षीच्या निधीचाही उल्लेख झाला. घसाबाईने सगळं ऐकून घेतलं आणि ‘हजारो’ खोडणार असाल तर चित्रपट दाखवा, नाहीतर माझं तोंड त्यातून काढा, एवढं बोलून ती उठली. तिचं तोंड काढलं गेलं. माशांच्या हाडांवाल्याला कोट घातला.

निकाल आला तेव्हा वहिनीची शस्त्रक्रिया होऊन गेली होती. ती अंथरुणावर बसली होती, गळ्याला मफलर, बोलायची सक्त मनाई. घसाबाईने पत्र वाचून दाखवलं. रजा भरपगारी मंजूर. ग्रंथालयातलं काम मंजूर. दादाने बायकोच्या पाठीवर थाप मारली आणि मग आठवून हात आखडता घेतला. शेवटची ओळ वाचताना मात्र घसाबाईचा आवाज कोरडा पडला. तिथे लिहिलं होतं की ही मंजुरी केवळ अपवादात्मक बाब म्हणून देण्यात येत असून इतर प्रकरणांत तिचा आधार घेता येणार नाही.

वहिनीने हात पुढे केला, पत्र घेतलं आणि त्या ओळीवर नखाने रेघ ओढली. मग डाव्या हाताने हवेत आडोसे दाखवले, एक, दोन, आणि बोट पलीकडे नेलं. दादाला कळेना. घसाबाईला कळलं. पलीकडच्या दोन वर्गांतल्या दोघी.

“त्यांनाही नकार आलाय?”

वहिनीने मान डोलावली. आणि नणंदेकडे असं पाहिलं की त्या नजरेला आवाजाची गरज नव्हती. आभाराची नजर ती नव्हती.

दोन दिवसांनी मधल्या सुट्टीत घसाबाई त्या शाळेच्या शिक्षकखोलीत उभी होती. पट्ट्यांची पिशवी तिने आणली नव्हती. जनसंपर्कवाली आपल्या खर्चाने, अर्धा दिवस रजा टाकून बरोबर आली होती आणि दारापाशी टेकून उभी होती, हातात पेन तयार. खोलीत सात-आठ बाया आणि दोन मास्तर, हातात चहाचे कप, चेहऱ्यावर ‘आता ही काय नवीन’. भाषण ऐकायची त्यांची तयारी नव्हती आणि घसाबाईचीही करायची नव्हती. आवाज दोन आठवड्यांहून जास्त बसलेला असेल तर शिकवू नका, डॉक्टरकडे जा आणि तारखेसकट कागद घ्या, हे तिने सांगितलं. कुजबुजून शिकवणं हा आराम नाही, उलट जाच आहे, हे सांगितलं. मागच्या भिंतीला जुनी सतरंजी लावली तरी फरक पडतो, मुख्याध्यापकांनी नाही म्हटलं तर माझं नाव सांगा. एकदा ती ‘तथापि’ म्हणाली आणि दारातून पेन वाजलं.

कोपऱ्यातल्या एका प्रौढ बाईंनी कप खाली ठेवला. त्यांचा आवाज घोगरा होता आणि त्यात पाणउताऱ्याची पूर्ण तयारी होती. “हे सगळं तुम्हाला कधीपासून माहीत होतं, बाई?”

“बरीच वर्षं झाली.”

“आणि आज सांगताय.”

“हो.”

त्या बाई तिच्याकडे बघत राहिल्या. घसाबाईने नजर वळवली नाही आणि खुलासाही केला नाही. खुलाशाची जागा होती, शब्दही होते, चांगले गुळगुळीत. ते तिने गिळले.

“माझ्या निबंधाचा हवाला देऊन कुणाकुणाला नकार आलाय?” तिने विचारलं. “अपिलाची मुदत संपली असली तरी सांगा. मी प्रत्येकीबरोबर येणार आहे.”

त्या घोगऱ्या बाईंनीच आधी हात वर केला, रागानेच, शाळेतल्या मुलासारखा ताठ. मग आणखी एक हात आला. मग खिडकीशी पाठ करून बसलेल्या मास्तरांचा. घंटा झाली, पण कुणी वर्गावर गेलं नाही. पलीकडे पत्र्याखाली मुलांनी गिल्ला सुरू केला, आणि घसाबाईने नावं उतरवायला जनसंपर्कवालीच्या हातातलं पेन ओढून घेतलं.